शब्बाथाचा विसावा आणि आमचा रविवार

रविवार हा वार आमच्या शहरी व्यवहारात इतका मुरून गेला आहे की, तो सुटीचा वार का झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कचेऱ्या बंद, न्यायालये बंद, शाळा बंद. सकाळी उशिरा उठावे, दुपारी सुग्रास जेवावे, सायंकाळी फिरावयास अथवा खरेदीस जावे, ह्यापलीकडे रविवाराचा अर्थ आम्ही करीत नाही. ख्रिस्ती शेजारी त्या दिवशी देवळात जातो एवढे आम्हांस ठाऊक असते. परंतु त्याच्या धर्माने विसाव्याची सांगड पावित्र्याशी का घातली, ह्याची चौकशी करण्याइतकी आस्था आम्ही दाखवीत नाही. परधर्मातून आलेली एखादी गोष्ट नित्याच्या उपयोगात असावी आणि तिचे मर्म मात्र अज्ञात राहावे, ही स्थिती सुशिक्षितांस शोभणारी नव्हे. शिवाय ह्या चौकशीचा आमच्या दुकानांशी, पेढ्यांशी आणि स्वयंपाकघरांशी फार निकटचा संबंध आहे, तो आम्ही लेखाच्या शेवटी दाखविणारच आहो.

मूळ शब्द हिब्रू. मराठी बायबलात तो भाषांतरित न करता 'शब्बाथ' असाच ठेविला आहे. त्याचा धात्वर्थ थांबणे, हातचे काम सोडून देणे असा आहे; थकवा घालविणे हा त्याचा पहिला अर्थ नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी रचली आणि सातव्या दिवशी तो थांबला असे वर्णन आहे. सर्वशक्तिमान ईश्वर दमला असे कोणी भाविक म्हणणार नाही. तेव्हा हे थांबणे श्रमपरिहाराचे नसून पूर्णतेचे आहे. काम झाले, ते चांगले झाले, आता त्यात भर न घालता ते डोळे भरून पाहावे, असा त्या थांबण्याचा भाव आहे. त्या दिवसास ईश्वराने आशीर्वाद दिला व तो पवित्र केला. बायबलात 'पवित्र करणे' ही क्रिया प्रथम येते ती येथे. डोंगर नव्हे, नदी नव्हे, मंदिर नव्हे. काळाचा एक भाग पहिल्याने पवित्र ठरला. अब्राहम जोशुआ हेशेल ह्या ज्यू तत्त्वज्ञाने १९५१ साली शब्बाथावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा सारा रोख ह्याच गोष्टीवर आहे.

पावित्र्य म्हणजे तरी काय? हिब्रू भाषेतील त्या शब्दाच्या मुळाशी वेगळे काढून ठेवण्याची कल्पना आहे. आमच्या वाचकांस ती नवी वाटण्याचे कारण नाही, कारण आमचे सोवळेही वेगळे काढून ठेवण्याचाच प्रकार होय. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. आमच्या सोवळ्याने वस्त्र वस्त्रापासून वेगळे केले, पंक्ती पंक्तीपासून वेगळी केली आणि अखेरीस माणूस माणसापासून वेगळा केला. शब्बाथाने दिवस दिवसापासून वेगळा केला. आणि त्या वेगळ्या काढलेल्या दिवशी धनी व दास ह्यांस एका पायरीवर आणून बसविले. ख्रिस्ती समाजाने हे तत्त्व नेहमी पाळले असे मात्र कोणी समजू नये. रविवारी प्रार्थनेस जाणारे कित्येक गोरे मळेवाले सोमवारी गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढीत असत, आणि आमच्या गोव्यातील ख्रिस्ती समाजातही जातिभेद धर्मांतराबरोबर नाहीसा झाला नाही. पण आचरणातील दोष दाखविणे सोपे असते. तत्त्व काय होते हे पाहणे अधिक उपयोगाचे.

कायद्याचा अभ्यास केलेल्या मनुष्यास ह्या प्रकरणी एक गोष्ट विशेष वाटते. दहा आज्ञा बायबलात दोन ठिकाणी आल्या आहेत. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. शब्बाथाची आज्ञा दोन्हीकडे एकच, परंतु तिची प्रस्तावना दोन ठिकाणी दोन प्रकारची आहे. पहिल्या ठिकाणी कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे: ईश्वर थांबला म्हणून तूही थांब. दुसऱ्या ठिकाणी कारण दिले आहे ते दास्याचे: तूही मिसर देशात गुलाम होतास आणि तुला तेथून सोडविण्यात आले, हे विसरू नकोस; म्हणून तुझ्या दासास व दासीस तुझ्याप्रमाणेच विसावा मिळू दे. एक कारण स्वर्गाकडे बोट दाखविते, दुसरे वीटभट्टीकडे. आणि आज्ञेचा लाभ कोणाकोणास द्यावयाचा ह्याची यादी पाहिली, तर तीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव व वेशीच्या आत राहणारा परका अशी सर्व मंडळी आहे. ज्यांना स्वतः होऊन 'आज काम करणार नाही' असे म्हणण्याची सोय नाही, अशांचीच ती यादी आहे. धनिकास विसावा घेण्यास कायदा लागत नाही. विसाव्याचा कायदा होतो तो दुबळ्यांसाठी.

यादीत पत्नीचे नाव नाही, हे आमच्या भगिनींच्या ध्यानात आलेच असेल. टीकाकार म्हणतात की आज्ञेतील 'तू' ह्या शब्दात पतिपत्नी दोघेही येतात. तो अर्थ ग्राह्य धरावा की नाही हा वाद बाजूस ठेविला, तरी त्याच धर्मशास्त्रातील दुसऱ्या एका नियमाने हा प्रश्न व्यवहारात पुष्कळसा सोडविला आहे. शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवावयाचा नाही, असा निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात निर्बंध आहे. विस्तव नाही म्हणजे चूल नाही. चूल नाही म्हणजे त्या दिवशी नवा स्वयंपाक नाही. आदल्या दिवशी करून ठेविलेले अन्न सर्वांनी खावयाचे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांस मान्ना मिळे तोही सहाव्या दिवशी दुप्पट मिळे व सातव्या दिवशी मुळीच मिळत नसे, अशी कथा आहे. एक दिवस हात आखडला तर पोट उपाशी राहील, ही जी सर्व कष्टकऱ्यांच्या आणि सर्व व्यापाऱ्यांच्या मनातील धास्ती, तिच्यावर ह्या कथेचा रोख आहे. सहा दिवसांच्या श्रमात सातव्याची भाकरी असतेच, असा विश्वास ती मागते.

व्यापाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर आमोस संदेष्ट्याचे स्मरण करणे अवश्य आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील हा मेंढपाळ आपल्या काळच्या धान्यव्यापाऱ्यांचे चित्र काढतो. हे व्यापारी शब्बाथ उघडपणे मोडीत नाहीत. ते दुकान बंद ठेवतात, पण मनात घटका मोजीत असतात. हा दिवस केव्हा एकदा सरतो आणि आपण माप लहान, वजन मोठे व तराजू खोटा करून केरकचऱ्यासकट गहू गरिबांस केव्हा विकतो, असे त्यांस झालेले असते. आमोसाचा कोप दुकान उघडे ठेवण्यावर नाही, तर बंद दुकानामागे चाललेल्या ह्या हिशेबावर आहे. पावित्र्य आणि प्रामाणिक तराजू ह्यांची फारकत करता येत नाही, हा त्याचा सिद्धांत. पुढे पाचव्या शतकात नहेम्या ह्या अधिकाऱ्याने शब्बाथाच्या आदल्या दिवशी अंधार पडू लागताच यरुशलेमच्या वेशी बंद करविल्या. सोर शहराचे मासळीविके व इतर व्यापारी माल घेऊन तटाबाहेर मुक्कामास राहू लागले, तेव्हा त्याने त्यांसही दम भरून पिटाळले. एका व्यापाऱ्याने दुकान उघडले की शेजाऱ्यास ते उघडणे भाग पडते, हे बाजारपेठेचे मर्म त्या प्राचीन प्रशासकास पक्के ठाऊक होते.

परंतु कोणताही चांगला नियम पंडितांच्या हाती गेला की त्यास फाटे फुटतात. 'काम' म्हणजे काय, ह्याचा विचार करता करता ज्यू धर्मशास्त्र्यांनी एकोणचाळीस प्रकारची कामे निषिद्ध ठरविली. आणि प्रत्येक प्रकारास पोटभेद निघाले. ह्यात केवळ जाच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राण वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, असे त्याच शास्त्र्यांचे मत होते; आणि शब्बाथ तुम्हांस दिला आहे, तुम्ही शब्बाथास दिलेले नाही, अशा अर्थाचे वचनही त्यांच्या परंपरेत आहे. येशू ख्रिस्त ह्याच परंपरेत वाढला. त्याचे शिष्य भुकेले होते म्हणून त्यांनी शब्बाथाच्या दिवशी शेतातील कणसे मोडून खाल्ली. परूश्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने उत्तर दिले त्याचे तात्पर्य हे की, शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानात दुसरा प्रसंग आहे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, सरळ उभेही राहू न शकणारी एक स्त्री सभास्थानात आली आणि येशूने तिला शब्बाथाच्या दिवशीच बरे केले. सभास्थानाचा अधिकारी रागावला. त्याचा आक्षेप कायदेपंडितास शोभेल असाच होता: कामासाठी सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हावे. येशूने त्यावर जो युक्तिवाद केला तो आमच्या शास्त्रकारांच्या भाषेत सांगावयाचा तर कैमुतिकन्यायाचा होय. तुम्ही शब्बाथाच्या दिवशी आपला बैल अगर गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता. मग अठरा वर्षे बांधलेल्या ह्या अब्राहामाच्या कन्येस बंधनातून सोडविणे अनुचित कसे? येथे 'सोडविणे' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनुवादाच्या प्रस्तावनेतील दास्यमुक्तीचे सूत्र येशूने पुन्हा हाती घेतले. त्याने शब्बाथ रद्द केला नाही. त्याचा हेतू पुढे आणला. कायद्याचा अर्थ त्याच्या हेतूवरून लावावा, हा जो नियम आमच्या न्यायालयांत आज मान्य आहे, तोच त्याने धर्मशास्त्रास लाविला. आमची भाषाही ह्या बाबतीत बोलकी आहे. 'सुटी' हा शब्द 'सुटणे' ह्या क्रियापदाच्याच कुळातला आहे.

आता शनिवारचा रविवार कसा झाला ते पाहू. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मृत्यूतून उठला अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून त्याचे अनुयायी त्या दिवशी एकत्र जमू लागले व त्यास प्रभूचा दिवस म्हणू लागले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन ह्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या ह्या मेळ्याचे वर्णन करून ठेविले आहे. त्यात वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस आणि अखेरीस अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान ह्यांच्यासाठी जमविलेली वर्गणी ही अंगे आढळतात. परंतु हा दिवस सुटीचा नव्हता. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस असल्यामुळे पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती मजूर उपासना आटोपून कामावर जात. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाईन ह्याने सूर्याच्या दिवशी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी व कारागिरांनी काम बंद ठेवावे असा हुकूम काढला. शेतकऱ्यांस मात्र त्याने मोकळीक दिली. कारण पेरणीचा योग्य दिवस हातचा गेला तर तो परत मिळत नाही. म्हणजे रविवारच्या सुटीचा पहिला लाभ आम्हा न्यायालयातील मंडळींस झाला, ही गोष्ट नमूद करून ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

तेव्हापासून ख्रिस्ती जगात दोन प्रवाह वाहत आले आहेत. एक म्हणतो, शब्बाथाची आज्ञा शनिवारावरून रविवारावर आली. तेव्हा रविवार तितक्याच कडकपणे पाळला पाहिजे. सतराव्या शतकातील इंग्लंडातील प्युरिटन पंथाचा हाच आग्रह होता. १६७७ सालच्या कायद्याने तेथे रविवारी आपला नित्याचा धंदा करणाऱ्या दुकानदारास व कारागिरास पाच शिलिंग दंड ठरविला. त्या काळच्या इंग्रजी रविवाराची उदास शांतता पुढे कादंबरीकारांच्या थट्टेचा विषय झाली. आणि आनंदासाठी दिलेला दिवस मुलांस शिक्षेसारखा वाटू लागला, तर नियम हेतूपासून ढळला असेच म्हटले पाहिजे. दुसरा प्रवाह म्हणतो, दिवसाचा आग्रह गौण आहे. तेराव्या शतकातील थोर धर्मतत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस ह्याने ह्या आज्ञेचे दोन भाग केले. काही काळ ईश्वरचिंतनासाठी राखून ठेवावा हा भाग नीतीचा व सार्वकालिक. तो अमुकच दिवशी राखावा हा भाग विधीचा व बदलणारा. ह्या उलट सप्तम-दिन आगमनवादी पंथ, ज्याची संघटना अमेरिकेत १८६३ साली झाली आणि ज्याचे स्पायसर विद्यालय पुण्यात आहे, तो आजही शनिवारच पाळतो. इथिओपियाचे प्राचीन ख्रिस्ती मंडळ तर शनिवार व रविवार दोहोंस मान देत आले आहे. पौल प्रेषिताने रोमकरांस लिहिले होते की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

ह्या वादाच्या पलीकडे एक खोल विचार आहे आणि ख्रिस्ती धर्मातील शब्बाथाचा गाभा तोच होय. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन आहे की, ईश्वराच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अद्याप शिल्लक राहिला आहे, आणि जो त्या विसाव्यात शिरतो तो आपल्या कर्मांपासून थांबतो. आपल्या पुण्याची रास करून ईश्वरास विकत घेता येत नाही. कृपा ही दिलेली असते, कमाविलेली नसते, हे ख्रिस्ती श्रद्धेचे सूत्र. आठवड्यातून एक दिवस हात रिकामे ठेवणे हा त्या सूत्राचा पाठ होय. सहा दिवस मनुष्य म्हणतो, मी करतो म्हणून जग चालते. सातव्या दिवशी त्यास कबूल करावे लागते की, मी थांबलो तरी जग चालले आहे. कर्तृत्वाचा अभिमान उतरविण्याचा ह्याहून सौम्य उपाय आम्हांस ठाऊक नाही. म्हणून विसावा आणि पावित्र्य ह्या दोन गोष्टी तेथे एक झाल्या. विसावा नसेल तर पावित्र्य म्हणजे एक काम अधिक, आणि पावित्र्य नसेल तर विसावा म्हणजे निव्वळ रिकामपण.

हा विचार आमच्या किनाऱ्यास परका नव्हता. कोकणातील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. ग्रंथ दुरावले, भाषा मराठी झाली, पण थांबलेल्या घाण्याने त्या लोकांची ओळख राखली. शनिवारी तेल न विकल्याने ते बुडाले नाहीत, हे व्यापारी वर्गाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट मात्र आम्हांस खाली मान घालावयास लावणारी आहे. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्यांच्या कचेऱ्यांस रविवार. पण गिरणीतील कामगारास निश्चित असा आठवड्याचा विसावा नव्हता. १८८१ च्या कायद्याने फक्त मुलांस महिन्याकाठी चार सुट्या दिल्या. महात्मा फुले ह्यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेविला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची मोकळीक व वेळेवर पगार ह्या त्यातील मुख्य मागण्या होत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली; तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीस सरकारी आधार दिला. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार; तेव्हा परधर्मीयांच्या शब्बाथातून निघालेली सुटी आमच्या कामगारास आपल्याच देवाच्या वारी मिळाली.

ह्या प्रसंगी राष्ट्रीय बाण्याची पत्रे कोणत्या बाजूस होती? सत्य सांगितले पाहिजे. अपवाद सोडता बहुतेकांनी कारखाने कायद्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते; लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस आमच्या मजुरांचा कळवळा अकस्मात का आला, हे उघड दिसत होते आणि देशी धंदा मारण्याचा त्यात डाव होता. परंतु परक्याचा हेतू कुटिल आहे, एवढ्याने आपल्या मजुराची पाठ दुखावयाची थांबत नाही. देशाभिमान हा आमचाही धर्म आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की, ज्या राष्ट्रवादास आपल्याच बांधवाचा विसावा महाग वाटतो, त्याने आपले माप आमोसाच्या तराजूत घालून पाहावे.

कोणी म्हणेल, विसावा द्यावा हे मान्य, पण तो सर्वांनी एकाच दिवशी घेण्याचे कारण काय? ह्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा काढला. तो लोकांच्या अंगवळणी पडला नाही आणि १८०६ च्या आरंभी ती कालगणनाच गुंडाळावी लागली. सोव्हिएत रशियाने १९२९ साली यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला व कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकास निराळा सुटीचा दिवस दिला. मजुरास विसावा पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागला. पण नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या, अशी घरांची फाटाफूट झाली. १९३१ साली ती पद्धत मागे घेण्यात आली आणि १९४० साली धर्मविरोधी म्हणविणाऱ्या त्याच सरकारने सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आणला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली रविवारचे कायदे वैध ठरविताना हेच सांगितले की, त्यांचा उगम धार्मिक असला तरी आजचा हेतू सर्वांस एकत्र विसावा देण्याचा आहे. त्याच न्यायालयाने १९६३ साली शेरबर्ट खटल्यात, शनिवारी काम करण्याचे धर्मापायी नाकारणाऱ्या गिरणी कामगार स्त्रीचा बेकारभत्ता तेवढ्यासाठी रोखता येणार नाही, असाही निर्णय दिला. समाजाचा दिवस एक असावा, पण ज्याचा दिवस निराळा त्याचा छळ होऊ नये. ह्या दोन निर्णयांत मिळून पुरता न्याय आहे.

आता आमच्या घराकडे वळू. मुंबई इलाख्यातील १९४८ च्या कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे भाग होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि त्याबरोबर प्रत्येक कामगारास आठवड्यात सलग चोवीस तासांची सुटी देण्याचे बंधन घातले. मुभा सर्वांस ठाऊक आहे. बंधन कितीजण पाळतात, हे ज्याने त्याने आपल्या गादीवर बसून स्वतःस विचारावे. पूर्वी दुकानाची फळीच लागली म्हणजे नोकर आपोआप सुटत असे. आता त्याला आपली सुटी मागून घ्यावी लागते, आणि मागणाऱ्याची नोकरी टिकते की नाही ही त्याची चिंता असते. आमच्या दारी सामान आणून देणारा पोरगा, आमची भांडी घासणारी बाई, इमारतीच्या फाटकाशी बसलेला रखवालदार, ह्यांचा सातवा दिवस कोणता? घरकाम करणाऱ्या बाईने महिन्यात चार खाडे केले तर आम्ही तिचा पगार कापतो, आणि स्वतः मात्र महिन्याचे चार रविवार पगारी सुटी म्हणून उपभोगतो. ह्या हिशेबास कोणत्या वहीत जागा आहे?

आणि ह्याहूनही जवळचा प्रश्न घरातील स्त्रियांचा. पुरुषाचा रविवार म्हणजे घरातील स्त्रीचा सर्वांत अधिक श्रमाचा दिवस असतो. पाहुणे त्या दिवशी, पक्वान्न त्या दिवशी, साठलेली धुणीही त्या दिवशीच. नोकरी करणाऱ्या स्त्रीस तर सहा दिवस कचेरीचे व सातवा चुलीचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या रानवट टोळ्यांचा म्हणून ज्या शास्त्रास आम्ही हसू, त्याने एक दिवस चूल थंड ठेविली होती. आम्ही ती आठवड्यातून एकदा तरी थंड ठेवू शकत नाही काय?

आमच्या वाचकांनी ख्रिस्ती व्हावे असे आम्ही सांगत नाही. आणि आम्ही ख्रिस्ती नाही म्हणून त्या धर्मातील सत्य घेण्यास आम्हांस लाज वाटत नाही. आमच्या वेदपाठशाळांस अनध्याय होता, आमच्या बैलांस पोळा आहे. थांबण्याचे महत्त्व आम्हीही जाणत होतो. उणीव इतकीच की, थांबण्याचा हक्क आम्ही विद्यार्थ्यास दिला, बैलास वर्षाकाठी दिला, पण नोकरास आणि गृहिणीस देण्याचे राहून गेले. ती उणीव भरून काढण्यास नवा कायदा होण्याची वाट पाहणे नको. येत्या आठवड्यापासून प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या नोकराचा वार ठरवून तो वहीत लिहावा आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. बाजारपेठेने मिळून एक वार ठरविला तर उत्तमच, कारण मग एकाचे नुकसान दुसऱ्याचा नफा होणार नाही. प्रत्येक गृहस्थाने घरी काम करणाऱ्या बाईस आठवड्यातून एक पगारी दिवस मोकळा द्यावा, आणि त्या दिवशी भांडी आपण घासावीत, पत्नीने नव्हे. हे केले म्हणजे रविवारी देवळात जाणारा आमचा ख्रिस्ती शेजारी कशाचे स्मरण करण्यास जातो, हे कोणी न सांगता आम्हांस उमजेल. ज्याच्या घरी कोणीतरी बांधलेले आहे, त्याची सुटी अद्याप झालेली नाही.